टेस्टच्या आधी प्रश्न: मानसशास्त्रीय तपासणीला जाताना काय करायचं

"मॅडम, आयक्यू टेस्टचे किती घेता?" नागपुरात धंतोलीतल्या माझ्या क्लिनिकवर येणारे बहुतेक फोन इथूनच सुरू होतात. मी उलट विचारते, टेस्ट कशाकरता पाहिजे? पलीकडे थोडी चुळबुळ होते आणि मग खरं कारण निघतं. शाळेनं आणायला सांगितली. मोबाईलवर एक व्हिडिओ पाहिला, त्यातलं सगळंच आमच्या पोराले लागू पडते. किंवा, "लिहूनच नाही राहिला हो तो, तोंडी विचारा तं सगळं येते."

यातलं कामाचं वाक्य तिसरं, कारण त्यात प्रश्न आहे. लहान मुलाची तपासणी असो की मोठ्या माणसाची, पहिलं काम घरी बसून करायचं: आपला प्रश्न एका कागदावर आपल्याच भाषेत लिहायचा. "चौथीतला मुलगा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो, पण तीच गोष्ट पुस्तकातून वाचता येत नाही, असं का?" "तीन वर्षांची मुलगी हाकेला वळत नाही. ऐकू येत नाही, की वळावंसं वाटत नाही?" "वय पस्तीस, आजवर एकही काम शेवटच्या रात्रीआधी हातात घेतलं नाही. हा आळस आहे का?" प्रश्नाखाली तीन गोष्टी लिहा: हे कधीपासून आहे, कुठे कुठे दिसतं (घर, शाळा, ट्यूशन, आजोळ), आणि कुठे अजिबात दिसत नाही. शेवटचं सगळे विसरतात आणि मला नेमकं तेच लागतं. शाळेत घुम्यासारखं बसणारं पोरगं आजोळी दिवसभर टकळी चालवत असेल, तर माझी दिशाच बदलते.

कोणती चाचणी घ्यायची ते मी ठरवीन, प्रश्न तुम्ही आणायचा. प्रश्नाशिवाय केलेल्या टेस्टमधून एक आकडा निघतो, तो नातेवाइकांत फिरतो आणि पोराचं वाचन आहे तिथेच राहतं.

माझ्याकडे येण्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. फळ्यावरचं उतरवताना चुकणाऱ्या मुलाला कधी कधी फक्त चष्मा लागलेला असतो. बोलायला उशीर झालेल्या मुलाची श्रवण तपासणी झालीच पाहिजे. अगदी लहान असेल तर झोपेत करतात ती बेरा. "आवाज केला की पाहते ना" हे पुरेसं नाही, कारण काही आवाज ऐकू येतात आणि काही नाही, असंही असतं. मोठ्यांनी थायरॉइड, बी-12, हिमोग्लोबिन एकदा बघावं आणि झोपेचा खरा हिशेब द्यावा. रात्री दोनपर्यंत फोन आणि सकाळी सहाला उठणं चालू असेल तर लक्ष न लागण्याचं पहिलं कारण तेच धरावं लागतं.

कोणाकडे जायचं, यात लोकांचा फार गोंधळ आहे. सायकियाट्रिस्ट म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेला डॉक्टर. निदान करतो, औषध देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट औषध देत नाही, चाचण्या आणि थेरपी करतो, आणि त्याची भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे नोंदणी असते. हा नोंदणी क्रमांक रिपोर्टवर असतो. आधीच विचारा, विचारण्यात अपमान नाही. आरसीआयच्या वेबसाइटवर नाव शोधताही येतं. विशेष शिक्षक म्हणजे स्पेशल एज्युकेटर. वाचन-लेखनाची तपासणी आणि नंतरचं खरं शिकवणं त्यांच्याकडे. समुपदेशक बोलून मदत करतात, पण "काउन्सेलर" असं दारावर कोणीही लिहू शकतो, म्हणून शिक्षण विचारा. आणि बोटांचे ठसे घेऊन मुलाचा मेंदू, करिअर, बुद्धी सगळं सांगणारे लोक शाळांच्या हॉलमध्ये टेबल टाकतात, ती मानसशास्त्रीय तपासणी नाही. ते पैसे पोराच्या सायकलीला लावा.

खासगीत परवडत नसेल तर नागपुरात मेडिकल आणि मेयो ही सरकारी मेडिकल कॉलेजची रुग्णालयं आणि मिहानमधलं एम्स आहे, तिघांकडे मनोविकार विभाग आहेत. प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडीही आहे. तिथे जायचं म्हटलं की लोक आजही कचरतात. तिथल्या चौकाचं "पागलखाना" हे जुनं नाव ऑटोवाल्याला सांगायला नको म्हणून मानकापूरला उतरून पायी जाणारे मला माहीत आहेत. सरकारी ठिकाणी खर्च नाममात्र, पण तारीख उशिराची मिळते. खासगीत काही हजार लागतात. ठरवताना तीन गोष्टी मोकळेपणानं विचारा: लेखी रिपोर्ट यातच का, तो समजावून सांगायची बैठक यातच का, आणि रिपोर्ट किती दिवसांत.

पिशवीत काय आणायचं

वह्या. नीट कव्हर घातलेल्या, लाल रेघांच्या, आईनं शेजारी बसून लिहून घेतलेल्या नकोत. रफ वही आणा, अर्धवट सोडलेली आणा, शाळेत घाईत उतरवलेली आणा, जिच्यात बाईंनी "अपूर्ण" असा शेरा मारला ती तर नक्की. मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, चारही, आणि जमलं तर मागच्या दोन-तीन वर्षांच्या. मला त्यात काय दिसतं ते सांगते. रफार आणि रकार यांची अदलाबदल, "कर्म"च्या जागी "क्रम". जोडाक्षर तुटून सुटं झालेलं. एकच शब्द एका पानावर तीन प्रकारे. वेलांटी लिहिली आहे, पण शेजारच्या अक्षराला. पानाच्या सुरुवातीला बरं अक्षर आणि खाली उतरता उतरता कोसळत गेलेलं. शेवटचं दिसलं की मी हाताच्या ताकदीचा, पेन धरण्याचा आणि लक्षाचाही विचार करते, फक्त वाचनाचा नाही.

एका गोष्टीनं मात्र घाबरू नका. पंचवीस ऐकून 52 लिहिणं. मराठीत आधी पाच आणि मग वीस बोलतो, त्यामुळे लहान वर्गांत हे होतंच. 2019 साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस पाच" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा राज्यभर थट्टा झाली. पहिली-दुसरीची पोरं तपासणारी माणसं काही हसली नसतील, निदान मी तरी हसले नाही. एवढ्या एकाच चुकीवरून एलडी, म्हणजे वाचन-लेखन-गणित शिकण्यातली विशिष्ट अक्षमता, ठरत नाही. चौथी-पाचवीतही तेच होत असेल आणि सोबत बाकीचं असेल, तेव्हा पाहायचं.

वह्यांसोबत प्रगतिपुस्तकं आणा. गुणांपेक्षा शेरे महत्त्वाचे. बाळंतपणाच्या वेळचा डिस्चार्ज कार्ड असेल तर आणा: किती आठवड्यांचं, वजन किती, काचेत ठेवलं होतं का, कावीळ वाढली होती का, झटके आले होते का. पहिला शब्द, पहिलं पाऊल केव्हा, हे आजीला विचारून या. आजीला "तुझ्या मामाच्या लग्नात तो चालत होता" असं आठवतं, आणि लग्नाची तारीख तर पत्रिकेवर असते. वर्गशिक्षिकेकडून चार ओळी लिहून घ्या. चांगलं-वाईट नको, फक्त वर्गात काय करतो ते.

ऑटिझमची शंका असेल तर घरचे छोटे व्हिडिओ काढा. वाढदिवसाचे नकोत, साधे: जेवताना, एकटं खेळताना, हाक मारल्यावर, दुसरं मूल जवळ आलं तेव्हा. माझ्या खोलीत मूल अर्ध्या तासात जे दाखवत नाही ते दोन मिनिटांच्या व्हिडिओत सापडतं.

मुलाला काय सांगायचं

खरं सांगायचं. "एका मॅडमकडे जायचं आहे, त्या कोडी देतील, चित्रं देतील, वाचायला लावतील. तुला वाचताना त्रास होतो तो कमी कसा करायचा ते त्यांना बघायचं आहे." तिथे इंजेक्शन नाही असंही सांगा, नाहीतर पाच वर्षांचं पोर माझ्या ठोकळ्यांकडे न बघता कपाटाकडे बघत बसतं. "नीट उत्तरं दे, नाहीतर त्या वेडा म्हणतील" हे वाक्य घरून ऐकून आलेली मुलं ओळखू येतात, ती एकही अंदाज करत नाहीत. येत नसेल तर गप्प. मग मला जे मोजायचं तेच मोजता येत नाही.

सराव करून आणू नका. इंटरनेटवर ठोकळ्यांच्या चाचणीचे नमुने शोधून आदल्या रात्री घोटून घेणारे बाबालोक आहेत. असा आकडा कशालाच उपयोगी नाही. चाचणी घेणाऱ्याला आधी काय काय केलं आहे ते सांगा, आणि वर्षाच्या आत दुसरीकडे तीच टेस्ट झाली असेल तर तो जुना रिपोर्टही आणा. लपवू नका.

वेळ सकाळची घ्या, पोट भरलेलं असू द्या, डबा आणि पाणी सोबत. मे महिन्यात दुपारी दोनची वेळ मागू नका. पंचेचाळीस डिग्रीत दुचाकीवरून आलेलं मूल कोडं सोडवत नाही, पंख्याखाली पडून राहतं. सर्दी-ताप असेल तर फोन करून तारीख बदला. एलडीची पूर्ण तपासणी एका बैठकीत संपत नाही, आणि कोणी तासाभरात सगळं उरकून रिपोर्ट हातात देत असेल तर जरा थांबा.

मुलगा एकटा आत बसेल. दारात उभं राहून उत्तरं सुचवायची नाहीत. तुमची पाळी नंतर येते.

भाषा कोणती?

नागपुरात हा प्रश्न खरा आहे. घरी मराठी किंवा वऱ्हाडी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, आणि आजकाल मोबाईलवर भलत्याच देशातलं इंग्रजी. पोरगं कोणत्या भाषेत विचार करतं? कोणत्या भाषेत भांडतं ते सांगा, मला तेवढं पुरतं. शब्दांवर आधारलेली चाचणी चुकीच्या भाषेत घेतली तर बुद्धीऐवजी इंग्रजीच मोजली जाते.

इथे एक अभिमानाची गोष्ट सांगून घेते. भारतभर मुलांच्या बुद्धिमापनासाठी वापरली जाणारी मालिनची चाचणी, जिला आम्ही मिसिक म्हणतो, ती या शहरातली. फादर आर्थर मालिन यांनी नागपूर चाइल्ड गायडन्स सेंटरमधून अमेरिकेतल्या वेक्स्लर चाचणीचं भारतीय रूप तयार केलं, तिची पुस्तिका 1969 ची. सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांसाठी ती इंग्रजी, हिंदी, मराठीत घेता येते. दैनंदिन जीवनातली कौशल्यं मोजणाऱ्या व्हाइनलँड मापनाचं भारतीय रूपही त्यांचंच, आणि दिल्लीपासून केरळपर्यंत रिपोर्टवर लोक "नागपूर अॅडॅप्टेशन" असंच लिहितात. त्याही आधी, 1934 च्या सुमारास, व्ही. व्ही. कामत यांनी बिने बुद्धिचाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली. ती बिने-कामत आजही सरकारी कामात चालते.

अभिमान बाजूला ठेवून हेही सांगायला हवं की हे निकष, म्हणजे ज्यांच्याशी तुलना करून आकडा काढतात ते, जुने आहेत. जुन्या निकषांवर आजच्या मुलांचा आकडा थोडा वर सरकतो. म्हणून शक्य तिथे मी नवी वेक्स्लर भारतीय आवृत्ती वापरते, आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जी चाचणी मागतात ती वेगळी. मराठी वाचनासाठी डाली नावाचा संच आहे, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं बनवलेला, पहिली ते पाचवीसाठी, मराठीसह काही भाषांत. इंग्रजीत अडणारं मूल मराठीतही अडतं का, हे त्यावरून कळतं. दोन्हीकडे अडलं तर शंका पक्की होत जाते. फक्त इंग्रजीत अडलं तर आधी मी शाळेकडे बघते, मग मुलाकडे.

आईबापांची पाळी

व्हाइनलँडमध्ये 89 गोष्टी आहेत, जन्मापासून पंधरा वर्षांपर्यंतच्या: स्वतः जेवणं, कपडे घालणं, रस्ता ओलांडणं, पैसे सांभाळणं. मी विचारते, "स्वतःच्या हातानं जेवतो?" आई म्हणते, "येते त्याले, पण मीच भरवते, नाही तं सांडवते." याचं उत्तर "हो" नाही. मला तो काय करतो ते हवं, काय करू शकेल ते नाही. उलटंही होतं. एकत्र कुटुंबात आठ वर्षांच्या मुलाचे बूट आजोबा घालून देतात, केस काकू विंचरते, आणि मूल "मागे" निघतं. म्हणून घरात कोण काय करून देतं ते न लाजता सांगा. नवराबायकोची उत्तरं वेगळी आली तर तिथे भांडू नका, दोन्ही सांगा. बहुतेकदा दोन्ही खरी असतात.

घराण्यात कोणाला फिट, डिप्रेशन, ऑटिझम, शाळा सुटणं, दारू असं काही असेल तर बोला. "आमच्या इकडे असं काही नाही, त्यांच्या इकडे आहे" हे वाक्य माझ्या खोलीत फार ऐकू येतं. चालतं, पण तपशील द्या.

मोठ्यांसाठी

मुलाची एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा यांची, तपासणी चालू असताना आई-बाबांपैकी एक जण हळूच म्हणतो, "मॅडम, हे तर माझंच वर्णन आहे." पोरामुळे स्वतःपर्यंत पोचलेले असे लोक हल्ली बरेच येतात. मिहानमध्ये नोकरी करणारे, बँकेतले, दोन मुलं सांभाळून घर चालवणाऱ्या बायका. बायकांचं जास्त उशिरा कळतं, कारण वर्गात शांत बसून खिडकीबाहेर बघणाऱ्या मुलीची तक्रार कोणी करत नाही.

मोठ्यांत एडीएचडी ठरवताना लक्षणं आज असून भागत नाही. 2013 च्या डीएसएम-5 या अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निकषांप्रमाणे त्यातली काही बारा वर्षांच्या आधी दिसलेली असावी लागतात, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी. म्हणून तुम्हीही पेटीतलं जुनं प्रगतिपुस्तक काढा. "हुशार आहे पण धांदरट", "वर्गात लक्ष नसते" हे तिसरी-चौथीतले शेरे आता पुरावा आहेत. आईला किंवा मोठ्या भावाला सोबत आणा किंवा फोनवर बोलू द्या.

ऑनलाइन प्रश्नावली भरून येणाऱ्यांना मी हसत नाही. मोठ्यांच्या एडीएचडीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस, नैराश्यासाठी पीएचक्यू-9, चिंतेसाठी जीएडी-7, ही चांगली साधनं आहेत. पण शेवटच्या दोन्ही फक्त मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात. घरात मृत्यू झाल्यावर किंवा नोकरी गेल्यावर भरलेला कागद वेगळा येणारच. ती चाळणी आहे, निदान नाही. आणि लक्ष न लागणं नैराश्यातही असतं, चिंतेतही, थायरॉइडमध्येही. तपासणीचा अर्धा वेळ हे वेगळं करण्यातच जातो.

गुप्ततेबद्दल प्रत्येक जण विचारतो, लग्न ठरायचं असलेले तर आधी तेच विचारतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा 2017 प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं आमच्यावर बंधनकारक आहे आणि तुमच्या नोंदी मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. ऑफिसला, सासरी, होणाऱ्या व्याह्यांना मी तुमच्या संमतीशिवाय काही देत नाही. सज्ञान मुलाचा रिपोर्ट वडिलांनी फी भरली म्हणून वडिलांना मिळत नाही. यावरून माझ्याकडे आवाज चढलेले आहेत.

रिपोर्ट हातात आल्यावर

पहिल्या पानावरचा आकडा शेवटी वाचा. बुद्ध्यांकाची सरासरी 100 धरलेली असते आणि साधारण तीनातली दोन माणसं 85 ते 115 मध्ये बसतात. 97 आणि 102 मध्ये फरक नाही. चांगल्या रिपोर्टमध्ये एकाच आकड्याऐवजी पट्टा दिलेला असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उपचाचण्यांमधले चढउतार. ठोकळ्यांत, कोड्यांत वर आणि आकडे लक्षात ठेवण्यात, वेगात एकदम खाली, असा खड्डा दिसला तर सरासरी आकडा काही सांगतच नाही. "हा खड्डा का?" हे विचारा. मग आपला तो पहिला कागद काढा आणि विचारा, "माझ्या प्रश्नाचं उत्तर कोणत्या पानावर आहे?" आणि "सोमवारपासून घरी काय करू, बाईंना काय सांगू?" या दोन्हींचं उत्तर मिळाल्याशिवाय उठू नका. "अभ्यासाकडे लक्ष द्यावे" ही शिफारस नाही. "रोज पंधरा मिनिटं मोठ्यानं जोडवाचन (दोघांनी मिळून), फळ्यावरचं उतरवण्याऐवजी फोटो" ही शिफारस आहे.

रिपोर्ट म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, आणि लोकांच्या फेऱ्या वाया जातात त्या इथेच. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. विशिष्ट अध्ययन अक्षमता, ऑटिझम, बौद्धिक अक्षमता आणि मानसिक आजार त्यात आहेत. एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, म्हणून नुसत्या एडीएचडीवर यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, मागायला जाऊ नका. सोबत एलडी असेल तर त्यावर मिळू शकतं. प्रमाणपत्र सरकारी वैद्यकीय मंडळ देतं, अर्ज स्वावलंबन पोर्टलवर करायचा. 2018 च्या मार्गदर्शक सूचनांत एलडीचं प्रमाणपत्र आठ वर्षांनंतरच, आणि चौदाव्या व अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी, असं होतं; 2024 मध्ये त्या सूचना बदलल्या, म्हणून आजचा नियम मंडळातच विचारा. पाच वर्षांच्या मुलाला "एलडी सर्टिफिकेट" देतो म्हणणारा कोणी भेटला तर परत फिरा. त्या वयात धोका आहे एवढंच सांगता येतं आणि मदत सुरू करता येते, जी सर्टिफिकेटशिवायही करायचीच असते.

दहावी-बारावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यासाठी फेब्रुवारीत धावू नका. मूल नववीत गेलं की शाळेच्या मुख्याध्यापकांना भेटून विभागीय मंडळ कोणत्या केंद्राचं प्रमाणपत्र मान्य करतं ते लेखी विचारा, तिथली तारीख लावा, आणि प्रत्येक कागदाच्या तीन झेरॉक्स काढून मूळ प्रत घरी ठेवा. मूळ रिपोर्ट शाळेत जमा करू नका. तो सापडत नाही.

एका परिस्थितीत मात्र यातलं काहीच करायचं नाही. मूल किंवा मोठं माणूस जगायचं नाही असं बोलत असेल, स्वतःला इजा करत असेल, रात्ररात्र जागून भलतंच बोलत-ऐकत असेल, तर चाचणीची वेळ घेऊ नका, वह्या गोळा करू नका. त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल तिथे न्या. रात्रीची वेळ असेल, काय करावं कळत नसेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 चोवीस तास चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. टेस्ट नंतर कधीही होते.